वल्ह्याचे दोन ठोके

चुडामण भोईला होडीतून नदी कधी सरळ दिसली नाही. आधी कुत्र्याची पाठ दिसायची, मग नदी. काळी पाठ, मानेवर पांढरा डाग, उजवा कान अर्धा तुटलेला. चेहरा पाण्याकडे.

गाव धरणगाव तालुक्यातलं, तापीच्या अगदी काठावरचं. खाली बंधारा झाल्यापासून तापी इथे फारशी वाहत नाही, साचून राहते. एरवी तिच्यात झाडांची सावलीही हलत नाही. गावातल्या बाकीच्या भोयांनी फायबरच्या होड्या घेतल्या. चुडामणची मात्र बापाच्या वेळची, सागवानी, गुरांच्या गव्हाणीसारखी अरुंद. वल्हवायला एक माणूस, एक वल्हं.

अशा होडीत माणूस मागे बसला की पुढचं नाक वर उठतं. थोडा वारा आला की ते नाक भलतीकडे वळतं. म्हणून पुढे वजन लागतं. चुडामणचा बाप धोंडा ठेवायचा. चुडामण कुत्रा बसवायचा. पलीकडच्या मळईत, काठच्या गाळाच्या जमिनीत, तो टरबुजं लावायचा आणि तिथे रानडुकरं यायची. "धोंडा उतरून डुकराच्या मागे पळत नही," असं त्याचं साधं म्हणणं होतं.

कुत्र्याचं नाव सरपंच. ते ठेवलं राकेशने, चुडामणच्या पुतण्याने. त्याची फायबरची होडी शेजारीच बांधलेली असायची.

"पुढे बसस, काही काम करत नही, आनि बठ्ठा गाव त्याले वल्हावस," राकेश म्हणाला होता. "दुसरं नाव काय ठेवानं?"

गावचे खरे सरपंच एकदा पलीकडे जायला निघाले. पुढची जागा सोडायला कुत्रा तयार होईना. राकेश काठावर तोंडात रुमाल घालून हसत होता. "राहू द्या नाना," सरपंच मध्ये बसत चुडामणला म्हणाले. "निवडून आलेला दिसतो."

सरपंचाच्या आधीचा कुत्रा टिप्या. काठ दिसला की त्याच्या अंगात यायचं. एकदा काठ अजून लांब असताना त्याने उडी मारली आणि होडी पालथी झाली. त्या दिवशी भिकुबाई होडीत होती. चुडामणची बायको. तिच्यावर जाळं पडलं आणि ती जाळ्यासकट खाली गेली. चुडामणने तिला केसांना धरून वर ओढलं. त्यानंतर ती होडीत कधी बसली नाही.

म्हणून सरपंच पिल्लू असतानाच चुडामणने त्याला एक शिस्त लावली. काठ आला तरी हलायचं नाही. आधी माणूस उतरेल. होडी ओढेल. मग वल्हं होडीच्या फळीवर दोनदा आपटेल. ठक, ठक. तेव्हा उतरायचं. अख्खा हिवाळा तो हे करत होता. एक हात कुत्र्याच्या मानेवर, एका हातात वल्हं, खिशात भाकरीचा तुकडा. ठोक्याच्या आधी हलला तर तुकडा नाही. शेवटी कुत्रा इतका पक्का झाला की समोर काठावर कोंबडी फिरली तरी फक्त शेपूट हलायची. पोरं मुद्दाम हाका मारायची. "सरपंच, उतर. सरपंच, मटन." तो वळूनही बघायचा नाही.

पोकळ लाकडाचा तो आवाज चढावरच्या घरापर्यंत जायचा. भिकुबाई चुलीपुढे बसून वाट बघायची. दोन ठोके ऐकू आले की तवा ठेवायची. चुडामण चढ चढून, पाय धुऊन दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

यंदा गणपती गेले आणि वर पाऊस लागला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार असल्याचा निरोप सकाळी फोनवर आला. मग ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनही सांगितलं, की नदीकाठी कोणी जाऊ नये, होड्या वर घ्याव्यात.

चुडामण खाली गेला तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. गढूळ, आणि चक्क वाहतं. होडी वर ओढायची तर थोडं वरच्या अंगाला, जुन्या घाटापर्यंत न्यायला हवी होती. तिथेच उतार होता. त्याने नेहमीप्रमाणे वल्हं काढून खांद्यावर घेतलं. बाभळीला बांधलेला दोर सोडला. दोर सुटताच सरपंच नेहमीप्रमाणे उडी मारून पुढच्या जागेवर जाऊन बसला.

चुडामणने त्याला उतरवलं नाही. उतरवता आलं असतं. पण धार समोरून होती, आणि काठावरून चालत रिकामी होडी दोराने ओढली की नाक उठून ती आडवी होते. बसू दे, वजन आहे, असं त्याने मनात म्हटलं. नदीवर वाढलेला कुणीही माणूस तेच म्हणाला असता.

घाट समोर दिसत असतानाच वरून एक ओंडका आला. होडीला लागला. दोराला असा हिसका बसला की चुडामण चिखलात गुडघ्यांवर आपटला. हात उघडून बघितला तर तळव्यावर नुसता लाल पट्टा होता.

होडी काठाला धरूनच मागे सरकत होती. अगदी जवळ. कुत्र्याने उडी मारली असती तर पोटापर्यंत पाण्यात पडला असता आणि दोन झेपांत वर आला असता.

"उतर," चुडामण म्हणाला. "उतर बेटा. सरपंच, उतर."

सरपंच त्याच्याकडे बघत होता. होडीत बसून त्याने मागे वळून बघण्याची ही पहिली वेळ. बघत होता आणि बसलेला होता.

चुडामणच्या लक्षात आलं. वल्हं हातात होतं. फळी तिकडे होती.

तो काठाकाठाने धावला. राकेशची फायबरची होडी वर ओढून पालथी घातलेली होती. तिच्यावर त्याने वल्हं आपटलं. ढप, ढप. सरपंचाचे कान उभे राहिले. मग पडले. चुडामणने बाभळीच्या खोडावर आपटलं. ओलं खोड, आवाजच निघेना. राकेश धावत आला, त्याने हातातली बादली वाजवली. दोघे-तिघे ओरडले. ओरडण्याची त्या कुत्र्याला सवय होती.

"तो उतराव नही," चुडामण म्हणाला. "लाकूड लागी. पोकळ."

वर चढावर भिकुबाई उभी होती. तिला तेवढं ऐकू गेलं. ती वळली आणि घरात पळाली. भाकरीचं पीठ मळायची काठवट तिने उचलली. एकाच लाकडातून कोरलेली, खोलगट, सासूने दिलेली. पीठ लागलेलंच होतं. ती पोटाशी धरून भिकुबाई चढ उतरली. घसरली, पुन्हा उठली. काठवट सोडली नाही.

ती पोचली तेव्हा होडी धारेत गेलेली होती. नदीच्या मधोमध एक बुडालेली बाभूळ होती. उन्हाळ्यात तिच्याखाली गुरं बसायची. आता तिचा फक्त शेंडा वर होता आणि होडी त्या शेंड्यात जाऊन अडकली होती. दोन्ही बाजूंनी पाणी फेसाळत निघालं होतं. पुढच्या टोकाला काळा ठिपका.

भिकुबाईने काठवट नवऱ्यापुढे धरली. त्याने ती घेतली. बोटाने टिचकी मारून बघितली. आवाज बरोबर होता. अगदी होडीचाच.

"ठोका ना, नाना," राकेश म्हणाला.

चुडामणने वल्हं खाली ठेवलं.

"आते नको."

"काब्र?"

"आते उडी मारी ते बुडी जाई."

भिकुबाईने विचारलं, "आनि नही मारी ते?"

"झाड शे तवलग शे."

तो चिखलातच बसला. काठवट मांडीवर पालथी घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. कुणी चुकूनही वाजवू नये म्हणून. काठावर पोरं जमत होती. कुणी काठीने दगडावर ठोकलं तरी तो दचकून मागे बघायचा.

राकेशने तालुक्याला फोन लावला. पलीकडचा माणूस नीट बोलला. किती वाजता, कुठे, होडी कुणाची, सगळं विचारून घेतलं.

"होडीत किती माणसं आहेत?"

"माणूस नाही साहेब. कुत्रा आहे."

"बघा," तो माणूस म्हणाला, "आमची एकच बोट आहे. ती खालच्या गावात अडकलेल्या माणसांकडे गेलीय. पाणी उतरेपर्यंत तुम्ही कोणी आत जाऊ नका. खरंच जाऊ नका." त्याचा आवाज वाईट नव्हता. राकेशला त्याच्यावर रागावता आलं नाही.

राकेश स्वतःची होडी पाण्यात घालायला निघाला. चुडामणने त्याचा शर्ट मागून धरला. धरूनच ठेवला.

"नाना, सोडा."

"तुनी मायले मी काय सांगू?"

दुपार झाली. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढून पुढे पाठवला. धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या चुडामणच्या मुलीने, वृषालीने, तो बघितला आणि राकेशच्या मोबाइलवर फोन केला. भिकुबाईने कानाला लावला. "हा. आपलाच शे," एवढंच बोलून परत दिला. व्हिडिओखाली लोकांनी जोडलेले हात, रडणारे चेहरे टाकले होते. एकाने लिहिलं होतं, गावकरी नुसते बघत उभे आहेत. राकेशने ते वाचलं आणि मोबाइल खिशात घातला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

सरपंच बसून होता. मध्ये एकदा उभा राहिला, अंग झटकलं, पुन्हा बसला. गुडघाभर पाणी आणखी चढलं. बाभळीचा शेंडा वाकायला लागला. पोरं कंटाळून गेली, दुसरी आली. भिकुबाईने चहा आणला तो तसाच गार झाला. चुडामणने दिवसभरात एकदाही हाक मारली नाही. हाकेला तो उठला तर, ही भीती. न उठला तर, हीदेखील.

ऊन कलल्यावर झाड गेलं. आवाज वगैरे काही झाला नाही. शेंडा दिसत होता, मग दिसेना. होडी गोल फिरली आणि सरळ खालच्या अंगाच्या पुलाकडे निघाली.

तेव्हा चुडामण उठला. काठवट एका हाताने छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने वल्ह्याचा दांडा तिच्यावर आपटला. ठक, ठक. आवाज पाण्यावरून स्वच्छ गेला. काठवटीला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

लांब, होडीच्या टोकाला, तो ठिपका उभा राहिला.

तेवढं सगळ्यांनी बघितलं. मग पुलाचा खांब आडवा आला.

पाणी उतरायला लागल्यावर चुडामण राकेशच्या मोटारसायकलवर मागे बसला. एका हातात वल्हं, मांडीवर चिरलेली काठवट. काठाकाठाने खालची गावं घेत दोघे निघाले. प्रत्येक गावात राकेश गाडी थांबवायचा. चुडामण काठवटीवर दोन ठोके द्यायचा आणि उभा राहायचा.

आवाज दार वाजवल्यासारखा होता. त्यामुळे दारं उघडायची. एकामागून एक, दोन्ही बाजूंची. कोणी हातात झाडू घेऊन, कोणी जेवता जेवता उठून. गावातली कुत्री भुंकायची. काळी, तांबडी, ठिपक्याची. चुडामण प्रत्येकाच्या मानेकडे बघायचा, मग कानाकडे.

एका गावात एक म्हातारी बाहेर आली.

"कोन शे रे भाऊ?"

"कोनी नही, अक्का. कुत्राले बलाई राहिनू."

म्हातारीने त्याच्या हातातली काठवट बघितली. मग त्याच्याकडे बघितलं. "जेवना का?" तिने विचारलं.

"हा," चुडामण म्हणाला. जेवला नव्हता.

होडी त्याच गावाच्या खाली सापडली. काटेरी झुडपांत, सरळ बसलेली. एक फळी खरचटली होती, बाकी धडधाकट. पुढच्या जागेवर गाळ बसला होता आणि त्याच्यावर पंजे उमटलेले नव्हते. त्यावरून काय समजायचं ते दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

चुडामण होडीजवळ उभा राहिला आणि वल्ह्याने फळीवर दोन ठोके दिले. अस्सल आवाज. पुन्हा गावातली दारं उघडली असतील. इथे कोणी आलं नाही. तो बराच वेळ थांबला. राकेशने घाई केली नाही.

नदी आता पुन्हा संथ झाली होती. चुडामण म्हणाला, मी होडी घेऊन येतो. राकेशने काठवट मोटारसायकलला बांधली. जाताना पाण्यातला एक बरा धोंडा उचलून तो होडीच्या पुढे ठेवायला लागला.

"कसाले?"

"वजन, नाना."

"राहू दे."

राकेशने धोंडा हळूच खाली ठेवला.

चुडामण उरलेला दिवस वल्हवत आला. पुढचं नाक वर. वारा येई तसं ते कधी या काठाकडे वळे, कधी त्या. चुडामण ते परत सरळ करायचा. समोर अख्खी नदी दिसत होती. एवढी नदी त्याने कधी बघितली नव्हती. त्याला ती बघवत नव्हती.

इकडे राकेशने काठवट दारात ठेवून निरोप सांगितला होता. भिकुबाईने परातीत पीठ मळून ठेवलं. चूल पेटवली. लाकडं मागे ओढून विस्तव मंद ठेवला. दिवस मावळत आला. ती दोन ठोक्यांसाठी कान देऊन बसली होती. भोंग्यावर आरती लागली, संपली. शेजारची पोरं खेळून घरात गेली.

पाठीमागे कुणाची तरी चाहूल लागली म्हणून ती वळली. चुडामण दारात उभा होता. पाय धुतलेले, ओले. वल्हं कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं.

"तुम्ही कव्हय उनात?" तिने विचारलं.

"झाई बराच टाइम."

तवा भिंतीला टेकलेला होता. तो तिने उचलून चुलीवर ठेवला.