पहिल्या ओळीतला श्री

नळदुर्गात हायवेच्या कडेला लिंबाजीचं टायरचं दुकान आहे, त्याच्या माडीवर शांतलिंग सरांचा कॉम्प्युटर क्लास. चौदा वर्षं झाली. खाली हवा भरायचं मशीन धडधडतं आणि वर सर घसा ताणून जावा शिकवतात. वेबसाइटच्या मागं राबणारी ही भाषा नवख्या पोरांच्या गळी उतरवायची म्हणजे काय खायचं काम आहे होय? सर वीटभट्टीचा दाखला देत. जावातला क्लास म्हणजे विटेचा साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातनं निघालेली वीट. साचा एक, विटा पाहिजे तेवढ्या. पोरं माना डोलवत, व्हय सर म्हणत आणि फळ्यावरचं सगळं आरतीसारखं पाठ करत. विटेऐवजी बसगाडीचा दाखला घ्या म्हटलं, की सगळे गप्पगार.

सर दमले होते. खोटं कशाला बोला, शिकवण्याचाच वीट आला होता. लिंबाजीला गोदामासाठी खोली पाहिजे होती, आणि रविवारी चावी देतो असा शब्द सरांनी देऊन टाकला होता.

जीव अडकला होता तो एका समृद्धीत. ही अणदूरची पोरगी, रोज जीपनं यायची. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, की साच्यातच चूक राहिली तर निघालेल्या विटांचं काय करायचं? असा प्रश्न सरांना कैक वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी ते घरी दोन घास जास्त जेवले.

सोमवारी तिनं गावाच्या बसगाड्यांचा प्रोग्राम स्वतःच्या डोक्यानं लिहिला. तो काही चालेना. पहिल्याच ओळीत तिनं टाइप केलं होतं, ॥ श्री ॥. आता आपल्याकडं नवी वही असो, लग्नाची यादी असो, आधी श्री, मग बाकीचं. दर बॅचला कुणी ना कुणी हे करतंच. सर मान वर न करता नेहमीचंच बोलले, "पुसून टाक ते. मशीनला न्हाय कळत."

"सर, श्री पुसत नसतात."

"मग नको शिकू."

बोलून गेले खरे. मंगळवारी ती आली नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. जिन्यावर पाय वाजला की सर दाराकडं बघत. आपण उगंच तोंड सोडलं, याचं त्यांना लई वाईट वाटत होतं. तसंही रविवारी बंदच करायचंय, असं ते स्वतःला समजावत.

शनिवारी समृद्धी आली. न बसताच तिनं कॉम्प्युटर चालू केला, प्रोग्राम चालवला. पडद्यावर बसच्या वेळा ओळीनं आल्या. सरांनी वाकून बघितलं. पहिल्या ओळीत श्री तसाच होता, फक्त त्याच्या आधी दोन तिरप्या रेघा होत्या. तिनं चार दिवस घरी पुस्तक चाळलं होतं. त्यात मागं कुठंतरी दिलेलं होतं, की अशा रेघांनी सुरू झालेली ओळ माणसांसाठी असते, मशीन ती सोडून पुढं जातं.

"सर, हे तुमी पहिल्याच दिवशी का न्हाय सांगत?"

सर हे नवव्या आठवड्यात सांगत, कारण अभ्यासक्रमात ते नववं होतं. चौदा वर्षांत त्यांनी किती जणांना श्री पुसायला लावला असेल! कुणी मुकाट्यानं पुसला, कुणी परत जिना चढलंच नाही, आणि सर म्हणत राहिले, या पोरांना डोकंच नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते खाली गेले आणि चावी देत नाही म्हणून लिंबाजीला सांगितलं. तो म्हणाला, अहो, शब्द दिला होता तुम्ही. सर म्हणाले, दिला होता. मग गुडघा धरत परत माडी चढले. शीण काही गेला नव्हता. त्यांनी फळा पुसला, वर दोन तिरप्या रेघा ओढल्या आणि त्यांच्यापुढं श्री लिहिला.