हितेशचा डावा हात आणि साक्रीचे पाहुणे

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग ऐका. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी मला मात्र ना हसू आलं ना रडू. मी नुसता सुई हातात धरून बसलो होतो.

सुई अशासाठी की मी मोटरसायकलच्या सीटची कव्हरं शिवतो. शिरपुरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. नववीत शाळा सुटली. मी तिला सोडलं की तिनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. शाळेनं दिलेली एकच गोष्ट माझ्याजवळ टिकली, ती म्हणजे बास्केटबॉल. उंची वाढायची राहिली म्हणून खेळणं थांबलं. पण रविवारी संध्याकाळी आमच्या मंडळाचा सामना असला की गुणफलकाशेजारची खुर्ची माझी. बास्केट पडला की मी आकड्याची पाटी पलटतो.

आता माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी लाजाळू आहे. थोडाथोडका नाही, आजार झाल्यासारखा लाजाळू. गिऱ्हाईकाला काळं हवं की चॉकलेटी, एवढं विचारायचं तरी माझे कान तापतात. गेल्या वर्षी चोपड्याचे पाहुणे मला बघायला घरी आले होते. पोहे झाले, चहा झाला, देशातल्या सगळ्या रस्त्यांच्या खड्ड्यांवर बोलणं झालं. मी सतरंजीच्या एका दोऱ्याकडे बघत बसलो होतो. जाताना मुलीच्या वडिलांनी दारातच आईला हळू आवाजात विचारलं, "मुलगा बोलतो ना?"

आई म्हणाली, बोलतो की. आणि घरात वळून मला म्हणाली, "जितू, बोल ना रे काहीतरी."

असं म्हटल्यावर कोण बोलू शकेल, तुम्हीच सांगा. गेलं ते स्थळ.

पण बास्केटबॉलचं नाव काढा. मग मला थांबवायला पंचाची शिट्टी लागते.

तर या सीझनला आमच्या संघात हितेश नावाचा नवा पॉइंट गार्ड आला. वय माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी कमी, बीएस्सी झालेला, एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दिसायलाही बरा. पॉइंट गार्ड म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्नात वरण-बट्टीची पंगत बसते, तिथे वाढप्यांचा एक मुख्य असतो. कुणाच्या ताटात काय कमी आहे ते तो बघतो, या वाढप्याला इकडे धाडतो, त्याला तिकडे, आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवतो. पॉइंट गार्ड म्हणजे तो माणूस. चेंडू पुढे आणायचा आणि जो मोकळा असेल त्याच्या हातात द्यायचा.

हितेश चेंडू पुढे आणायचा आणि स्वतःच जेवायला बसायचा.

सुरुवातीचे सामने त्याचे भयंकर गेले. पास म्हणून नाही. डाव्या बाजूनं कुणी अडवलं की चेंडू गेलाच. टपरीवर मी रोज माझा निकाल ऐकवायचो की सीझनची सुरुवात पाहता हा पोरगा पॉइंट गार्ड नाही, कधी होणारही नाही. मला कुणी विचारलेलं नसायचं, हेही सांगतो.

एका शनिवारी आमचे सर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, दुकानात आले. म्हणाले, उद्या धुळ्याहून निवड समितीचा माणूस येतोय, जिल्ह्याच्या संघासाठी हितेशला बघायला. तो कुणाला सांगत नाही, ओळख देत नाही, लोकांत मिसळून बसतो आणि आजूबाजूच्यांना विचारतो. "जितू, तू तोंड बंद ठेव. आणि उघडायचंच असेल तर चांगलं बोल. त्या पोराचं वर्ष तुझ्या जिभेवर आहे."

मी शब्द दिला. माझ्या जिभेवर कुणाचं काही असण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याच सुमारास घरातही काहीतरी शिजत होतं. शेजारचे नाना दोनदा येऊन आईशी कुजबुजून गेले, मी आत आलो की दोघं एकदम कांद्याच्या भावावर बोलायचे. रविवारी आईनं माझ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली आणि म्हणाली, हाच घालून जा. मी मनात म्हटलं, सामन्याचं महत्त्व आईलासुद्धा कळलंय. तुम्हाला इथेच सगळं कळलं असेल. मला कळायला सोमवारची संध्याकाळ उजाडली.

रविवारी मैदानावर माझ्या शेजारच्या खुर्चीत एक बुटके, गोलमटोल काका बसलेले. पायात चप्पल, हातात खारे शेंगदाणे, टरफलं पोटावर. खेळ सुरू झाला आणि त्यांनी सहज विचारलं, तो नवा पोरगा कसा आहे हो? मी त्यांना खालून वर पाहिलं. निवड समितीचा माणूस असा असतो का कुठे? तो असणार उंच, ताठ, पायात बूट. मग खरं बोलायला काय हरकत? मी म्हटलं, "काका, आपल्यातच ठेवा. डावा हात देवानं त्याला घड्याळ बांधायला दिलाय. आणि पंगत वाढायला उभा केला, तर हा आधी आपलं ताट भरतो."

काकांनी मान डोलावली आणि मूठभर शेंगदाणे माझ्यापुढे धरले. मी ते खाल्ले. लक्षात ठेवा, खाल्ले.

थोड्या वेळानं फाटकातून दोघं आत आले. एक सहा फुटी माणूस, अंगात ट्रॅकसूटचं जॅकेट, पायात पांढरेशुभ्र बूट. सोबत टोपीवाले म्हातारे आबा. उंच माणसानं फाटकापाशी कुणाला तरी काही विचारलं आणि त्यानं बोट दाखवलं ते थेट माझ्याकडे. हाच तो. निवड समितीचा माणूस गुणफलकाकडे नाही येणार तर कुठे येणार?

मी उठलो. शेंगदाणेवाल्या काकांना म्हटलं, "काका, जरा उठता का, पाहुणे आलेत." काका बिचारे मुकाट्यानं उठले आणि खांबाला टेकून उभे राहिले. आबांसाठी मी माझीही खुर्ची सोडली.

एक गोष्ट मला फार आवडली. तो उंच माणूस चेंडूकडे बघतच नव्हता. सारखा माझ्याकडे बघत होता. मी मनात म्हटलं, याला म्हणतात जाणकार. हा खेळ बघत नाही, खेळ बघणाऱ्याचा चेहरा बघतो.

त्यानं माझं नाव विचारलं, काम विचारलं. मी म्हटलं, माझं सोडा, सीटा शिवतो. तिकडे बघा, तो चार नंबरचा, हितेश. त्याच क्षणी हितेशनं चेंडू स्वतःच्याच बुटावर आपटला आणि तो थेट आमच्या पायाशी आला. मी म्हटलं, "बघितलंत? वेग. पाय मागे राहतात, पोरगा पुढे असतो."

आबा म्हणाले, "दुकान तुमनं स्वतःनं शे का?"

दुकान खरं तर माझं स्वतःचं आहे. पण अशा वेळी ते सांगणं म्हणजे बढाई. मी म्हटलं, कसलं दुकान आबा, एक खोपटं आहे. हितेशची मात्र पक्की नोकरी. शिक्षण विचारलं. मी म्हटलं, माझी नववी, तीही धड नाही. हितेश बीएस्सी. इतक्यात हितेशनं तिघांच्या गराड्यातून एकट्यानं चेंडू फेकला, तो बोर्डालाही लागला नाही. मी म्हटलं, जबाबदारी घेतो, दुसऱ्यावर ढकलत नाही.

उंच माणूस पहिल्यांदा मैदानाकडे वळला. हितेश तेव्हा टॉवेलनं तोंड पुसत होता, आणि टॉवेलनं तोंड पुसताना तो खरंच छान दिसतो. ते दोघं एकमेकांशी काहीतरी बोलले. मग आबांनी विचारलं, "या पोऱ्यानं वावर कितलं शे?"

मी जरा चमकलो. जिल्ह्याच्या संघाला याच्या वावराशी, शेतीशी काय करायचंय? पण लगेच उजेड पडला. आहार! खेळाडूला दूध, तूप, कडधान्य घरचं मिळतं का, हे बघत असणार. मी म्हटलं, भरपूर आहे, विहीर बागायत, दारात दोन म्हशी. मग त्यांनी आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, घरात कोण कोण ते विचारलं. मी सगळं सांगितलं. व्यसन विचारलं तेव्हा तर मला त्या समितीचा अभिमानच वाटला.

आयुष्यात मी इतका कधी बोललो नव्हतो. कान थंडगार होते. उंच माणसानं शेवटी विचारलं, "एवढं छातीठोक सांगताय, म्हणजे खात्री आहे ना?"

मी म्हटलं, "साहेब, मला बहीण असती तर डोळे मिटून दिली असती."

मग आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू मनना साफ शे, भाऊ."

सामना आम्ही सडकून हरलो. पण घरी जाताना मी शिट्टी वाजवत होतो. मी शिट्टी वाजवतो हे गल्लीला त्या दिवशी कळलं.

सोमवारी दुपारी सर दुकानात आले. बसले नाहीत. निवड समितीचा निरोप आला होता. हितेशची निवड नाही. का, तर म्हणे डावा हात देवानं त्याला घड्याळ बांधायला दिलाय.

"हे घड्याळ कुणाचं आहे, जितू?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, सर, शप्पथ, त्या उंच माणसाजवळ मी असं काहीच बोललो नाही. त्याला तर मी हितेशचं मामाचं गावसुद्धा सांगितलं.

"कुठला उंच माणूस?" सर म्हणाले. "तो बुटका आहे. जाईल तिथे शेंगदाणे खातो. आणि तुम्ही लोकांनी त्याला खुर्चीवरून उठवलं म्हणे."

तेव्हा मी सुई हातात धरून बसलो, तो बसलोच. एका चांगल्या कव्हराला मी उलटी शिवण घातली, तीही नंतर दिसली. शेंगदाणेवाले काका जर निवड समिती, तर तो सहा फुटी माणूस कोण? आणि त्याला म्हशी कशाला हव्या होत्या?

संध्याकाळी घरी गेलो. ओट्यावर नाना बसलेले, आई भिंतीला टेकलेली. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चपला काढायच्या विसरलो.

नाना म्हणाले, साक्रीहून फोन आला होता. मुलीचा मामा आणि आजोबा काल तुला परस्पर बघून गेले. घरी बोलावलं की तू मुका होतोस, मैदानावर मात्र थांबत नाहीस, म्हणून ही युक्ती नानांनीच काढली होती. आणि मला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर रविवारी मला ताप भरला असता. हे मात्र खरं.

"मग?" मी विचारलं.

"त्यासले पोऱ्या भलता आवडना," नाना म्हणाले. माझे कान तापायला लागले. नानांनी खाली बघितलं. "पन चार नंबरना."

आई भिंत सोडून पुढे आली. मग म्हणाली, "तुलेच देखाले येल व्हतात रे त्या. तुले. तू काय सांगं त्यासले?"

काय सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे. आईला अजून सगळं माहीत नाही, बहिणीचं वाक्य तर नाहीच नाही.

पुढे सगळं झपाट्यानं झालं. पाहुणे हितेशच्या घरी गेले. म्हशी मोजून दोनच निघाल्या, विहीर होती तिथेच होती, माझा शब्द न् शब्द खरा ठरला. साखरपुडा साक्रीला झाला. मला जायचं नव्हतं, पण आबांचा स्वतःचा निरोप होता की ज्यानं मुलगा दाखवला तो आलाच पाहिजे. मला पहिल्या पंगतीत बसवलं. हितेश पाया पडला. म्हणाला, जितूभाऊ, सगळे म्हणायचे तू माझ्या वाईटावर आहेस.

मग मुलगी आली. हसरी, सरळ बघून बोलणारी. मला म्हणाली, "तुम्हीच ना ते? मामा सांगत होते, इतकं छान बोलणारा माणूस शिरपुरात दुसरा नाही."

मी ताटातल्या बट्टीकडे बघत राहिलो. हितेशकडे वळून तिनं हळूच काहीतरी विचारलं. तो म्हणाला, बोलतो गं, बोलतो.

आता सीझन अर्धा झालाय. हितेशचा डावा हात अजून तसाच आहे, फक्त घड्याळ नवं आहे, सासरचं. टपरीवर कुणी मला विचारलं की काय रे, यंदाच्या पॉइंट गार्डचा तुझा निकाल काय, तर मी खरं तेच सांगतो. हितेश ठीकठाक आहे, पण या सीझनचा सगळ्यात सुंदर पास त्याचा नाही. बास्केटखाली माणूस एकटा, चेंडू हातात, अडवायला समोर कुणी नाही, आणि त्यानं तो चेंडू दुसऱ्याला देऊन टाकला. असा पास मी दिला.

आणि तोही न बघता.