राउटरवर काढलेलं स्वस्तिक

माझ्या बायकोच्या वर्गात पाच मुलं होती आणि पाचही अमेरिकेत. आमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. त्या वेळी मुलुंडच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून ती त्यांना मराठी वाचायला शिकवते. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिने स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं हे काम, आणि ते बुडायला आलं होतं. कारण रोज सव्वासातच्या सुमारास पडद्यावरची मुलं थिजायची. एकाचं तोंड 'आ' म्हणताना उघडं, दुसरीचं बोट नाकात, आणि माझी बायको पाच पुतळ्यांना बाराखडी शिकवतेय!

शेवटी एका मुलाच्या आईचा मेसेज आला. 'काकू, सारखं अडकतंय. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर थांबवू या का?' बायकोने तो मला वाचून दाखवला नाही. फोन माझ्यासमोर ठेवला आणि ती कोबी चिरायला गेली. इतक्या वर्षांच्या संसारात मला सुरीचा आवाज कळतो.

मी उभा राहिलो. मी ऑफिसच्या नाट्यस्पर्धा गाजवलेला माणूस, प्रतिज्ञा बसून करत नाही. "तू काळजी करू नकोस," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी आहे ना!"

"तीच तर काळजी आहे," ती आतून म्हणाली.

वास्तविक रोगाचं निदान मी केव्हाच केलं होतं. संध्याकाळी नेट झकास चालायचं, सकाळीच वाट लागायची. म्हणजे सकाळी अख्खी सोसायटी एकदम नेटवर तुटून पडते, हे उघड होतं.

"सकाळी सातला सोसायटी दूध तापवते रे," बायको म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. आमच्या राउटरच्या जागेबद्दल तर शंकेला वावच नव्हता, कारण ती मी निवडली होती. वायर बाथरूमच्या खिडकीतून आत येते, म्हणून मी राउटर बाथरूमवरच्या माळ्यावर ठेवला होता. वस्तू उंचावर असली की सिग्नल घरभर खाली झिरपतो, हा माझा सिद्धांत. तिथे त्याला सोबतही होती. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला आमच्या लग्नापासून घरात आलेल्या प्रत्येक यंत्राचं रिकामं खोकं.

तेव्हा दोष राउटरचा, आणि उपाय मेश! म्हणजे एकाऐवजी तीन राउटर, जे घरभर बसून सिग्नल एकमेकांकडे पोचवतात. पुढचे दोन आठवडे मी दुसरं काही वाचलं नाही. जेवताना मी 'ट्राय-बँड' म्हणायचो, 'बॅकहॉल' म्हणायचो. बायकोने एकदा विचारलं, "बॅकहॉल म्हणजे काय?" मी आमटी वाढून घेतली.

घाटकोपरच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने साधा प्रश्न विचारला, "घर केवढं आहे, काका?"

'काका' शब्द मी गिळला, पण प्रश्नाने माझ्या अंगात संचार झाला. मी हात पसरून हॉल दाखवला. मग 'तिथून पुढे एक लांब पॅसेज' दाखवला. आमच्या पॅसेजमध्ये दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला रिव्हर्स घ्यावा लागतो. त्यापलीकडच्या दोन बेडरूम मी इतक्या दूर नेऊन ठेवल्या की दुकानदार मान उंच करून बघायला लागला.

"फ्लॅट असता तर हा एक डबा पुरे होता," तो म्हणाला, "पण बंगल्याला तीनचा सेटच लागणार. हा सगळ्यात भारी."

मी बंगला म्हणालो नव्हतो. पण नाहीही म्हणालो नाही.

"आत्ताचा राउटर कुठे ठेवलाय?" त्याने बिल करता करता विचारलं.

"योग्य जागी," मी म्हणालो.

"बरं. आवडला नाही तर आठवड्यात परत आणा. फक्त माल कोरा पाहिजे, काका."

घरी तिन्ही यंत्रं टेबलावर मांडली. पांढरीशुभ्र, खरखरीत, उपडी ठेवलेल्या फुलदाण्यांसारखी. आमच्या घरात स्कूटर, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळ्यांचं स्वागत नारळ फोडून झालेलं आहे. मी कुंकू पाण्यात कालवलं.

"अरे, पांढऱ्या प्लास्टिकवर ओलं कुंकू नको," बायको म्हणाली. "अक्षता टाक नुसत्या."

"एवढ्या मोठ्या वस्तूला स्वस्तिक नको?" मी तीन ठसठशीत स्वस्तिकं काढली. मग पहिलं यंत्र माळ्यावर जुन्याच्या जागी, दुसरं हॉलच्या शोकेसमध्ये, तिसरं बेडरूममध्ये. निळे दिवे लागले. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकट्याच्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला पाचही मुलं थिजली. तिसऱ्या दिवशीही. मी शोकेसमधलं यंत्र फ्रिजवर नेलं, फ्रिजवरून खिडकीत नेलं, हातात धरून पॅसेजमध्ये उभा राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळचं पाणी बंद होतं. पाइपलाइनच्या दुरुस्तीची सूचना लिफ्टमध्ये लागली होती, म्हणून आम्ही बादल्या भरून ठेवल्या होत्या. आणि त्या दिवशी वर्ग पूर्ण तासभर चालला. एकही मूल अडकलं नाही!

"बघितलंस?" मी म्हणालो. "भारी यंत्रांना रुळायला वेळ लागतो. माणसासारखंच आहे. नवी सूनसुद्धा..."

बायको उठून बाथरूमपाशी गेली. झाडूच्या दांड्याने तिने माळ्यावरची टाकी ठोकली. पोकळ आवाज आला.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"असणारच. पाणी कुठे आलंय?"

"रोज सातला येतं. सव्वासातला टाकी भरते. सव्वासातला माझी मुलं थिजतात. संध्याकाळपर्यंत टाकी उतरते, आणि तुझं नेट झकास चालतं." ती माझ्याकडे वळली. "राउटर कुठे आहे?"

मी वर बोट दाखवलं. मग ते बोट हळूहळू टाकीवरून जेवणाच्या टेबलाकडे नेलं. मधे टाकीशिवाय काही नव्हतं.

"अख्खी विहीर आडवी घातलीस रे सिग्नलला," ती म्हणाली. रागाने नाही. हेच वाईट.

मी स्टुलावर चढलो. वायरचं वेटोळं सोडवून ती दारावरून हॉलमध्ये ओढली. बायको म्हणाली, "आधी जुनाच लावून बघू." दुसऱ्या दिवशी पाणी आलं, टाकी भरून वाहिली, आणि जुन्या राउटरवर पाच मुलांनी मराठी वाचलं.

नवा सेट परत करायला खोकं अर्थातच जपून ठेवलेलं होतं. पण स्वस्तिकं निघेनात. ओल्या फडक्याने पुसली तर पसरून गुलाबी झाली. दुकानदाराने ती पाहिली, आधी सवयीने हात जोडले आणि मग म्हणाला, "पूजा झालेली वस्तू मी कशी परत घेऊ, काका?"

तिन्ही यंत्रं आता शोकेसमध्ये एका रांगेत उभी आहेत, नेमकी बायकोच्या पाठीमागे. महिनाअखेरीला त्याच आईचा पुन्हा मेसेज आला, 'काकू, आता मस्त चाललंय. माझ्या बहिणीच्या दोन मुलांनाही घ्याल का?' त्या दोघांपैकी धाकट्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, मागे ते व्हाइट काय आहे? देव आहेत?"

"नाही रे राजा," बायको मागे न बघता म्हणाली, "ती काकांची हुशारी आहे. आता वाच बघू पहिला शब्द. टाकी."

मी बेडरूममध्ये चहा घेऊन ऐकत होतो. सात आवाजांनी 'टाकी' म्हटलं, मागेपुढे, वेडंवाकडं. अडकला मात्र कोणी नाही.