दादाचे पाय

सख्ख्या भावाचे पाय धुण्यावरून भर चर्चमध्ये ज्यानं मारामारी केली, तो इसम मीच.

आमचं गाव आष्टीच्या अलीकडं. गावात जे काही बरं दिसतं, त्यातलं बरंचसं चर्चनं करून घेतलेलं. दारूचा अड्डा फादरनं उठवला, पोरींना सिस्टरनं शिवणकाम शिकवलं, आणि गल्लीतून वाहणारं सांडपाणी थांबवायला घरोघरी शोषखड्डे खणून घेतले. (खड्डा खणायचा, दगड-वाळू भरायची, मोरीचं पाणी त्यात सोडायचं. संपलं!) सगळ्या गल्लीत खड्डे झाले. राहिली दोनच घरं. एक माझं आणि एक माझ्या थोरल्या भावाचं, शांतवनदादाचं.

आमची भिंत एक. माझ्या मोरीचं पाणी त्याच्या अंगणात जायचं आणि त्यावरून आमचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. फादर म्हणाले, "दोघांत मिळून एकच खड्डा करा. दोघांनी दीड-दीड फूट जागा सोडा."

दीड फूट! दादा म्हणाला, "घाण त्याची, जागा माझी काहून?"

मी म्हणालो, "थोरला कोण? मंग त्यानंच सोडावी!" (बोललो दोघंही फादरशीच. एकमेकांशी बोलायचं नव्हतं ना!)

यात हाल आईचे. पंधरा दिवस माझ्याकडं, पंधरा दिवस त्याच्याकडं. काखेत वळकटी मारून ती त्याच घाण पाण्यातून इकडून तिकडं जायची. एकदा घसरून मनगट मोडून घेतलं. ते वाकडंच बसलं. फादरला म्हणाली, "मला दुसरं काही नको बाबा. मी जायच्या आत हे दोघं एका ताटात जेवले की बस."

म्हणून फादरनं त्या वर्षी पवित्र गुरुवारी नवीनच टूम काढली. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर दरवर्षी गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी म्हणाले, "या खेपेला मी धुणार नाही. ज्यांचं पटत नाही, त्यांनी एकमेकांचे धुवायचे!"

यादीत पहिली जोडी आमची.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सगळ्या गावासमोर मी थोरल्याचे पाय धरणार, डोळ्यांत पाणी आणणार, लोक म्हणणार, बघा, धाकटाच मनानं मोठा! दादाची अशी जिरणार की बस! आणि तो माझे पाय धुवेल तेव्हा त्याला बोलायला जागा नको, म्हणून आठ दिवस मी टाचा दगडानं घासघासून लाल केल्या.

बायको म्हणाली, "टाचा काय घासून राह्यले? ते दीड फूट सोडा की!"

"तू गप बस. तुला यातला धर्म बिलकुल कळत न्हाई!"

गुरुवारी आई सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या बाकावर बसली. ठेवणीतलं लुगडं नेसून आल्ती. वेदीपुढं खुर्ची, परात, पाण्याचा तांब्या आणि टॉवेल. फादरनं नावं घेतली. मी झटकन पुढं होऊन टॉवेल उचलला, तर त्याचं दुसरं टोक दादाच्या हातात!

म्हणजे त्याच्याही डोक्यात तेच!

"सोड," दादा म्हणाला. अकरा वर्षांतला त्याचा माझ्याशी पहिला शब्द.

"आधी मी धुणार."

"थोरला मी. आधी मीच वाकणार!"

"अकरा वर्षं वाकला न्हाईस, आज लोकांना दाखवायला वाकून राह्यला का?"

"आन् तू? टाचा बघ स्वतःच्या! नवरीवानी घासून आलाय!"

हे मात्र वर्मी लागलं. मी त्याचा उजवा पाय धरून ओढला, त्यानं माझा डावा. "बस खुर्चीवर!" "तू बस!" "तुला बसवतोच आता!" फादर दोन्ही हात वर करून "शांती, शांती" म्हणत मध्ये घुसले, त्यांना माझं कोपर लागलं, खुर्ची आडवी झाली, परात उलटली आणि सगळं पाणी गेलं पुढच्या बाकाखाली, आईच्या पायांवर.

आई उठली. मला वाटलं, आता मुस्काटात देते. दिली असती तर फार बरं झालं असतं. तिनं आमच्या हातातला टॉवेल काढून घेतला, गुडघ्यांवर बसली आणि त्या वाकड्या मनगटानं फरशी पुसायला लागली.

"आई, राहू दे ना," दादा म्हणाला.

"सरका," ती म्हणाली. "कुणी घसरंल."

त्या दिवशी ती वळकटी घेऊन सिस्टरच्या घरी गेली ती गेलीच. आम्ही दोघंही न्यायला गेल्तो, वेगवेगळे. आली न्हाई. पोळ्याच्या आसपास तिथंच वारली. मातीला सगळा गाव होता. आम्ही दोघं पेटीच्या दोन बाजूंना होतो.

नंतर फादर स्वतः कुदळ घेऊन दारात आले. दादानं मुकाट्यानं दीड फूट जागा सोडली, मीही सोडली. अर्ध्या दिवसात खड्डा झाला. आता अंगण कसं कोरडं ठणठणीत असतं. इकडून तिकडं जाणारं मात्र कुणी न्हाई.

दर पवित्र गुरुवारच्या आधी मी अजून दगड घेऊन मोरीत बसतो. यादीत नाव नसतं, तरी बसतो. निव्वळ पायांपुरतं बघायचं झालं, तर माझ्याइतका स्वच्छ माणूस या गावात दुसरा सापडायचा न्हाई.