रविवारची घंटागाडी

योंगहेतल्या आमच्या गल्लीत शहराला शिव्या द्यायचा मान थाओताईचा. तशा शिव्या सगळेच देतात, पण बाकीच्यांच्या शिव्यांना काही ताल नाही. थाओताईच्या शिव्या संध्याकाळी घंटागाडीची वाट बघताना सुरू व्हायच्या आणि गाडी वळणावर दिसली की थांबायच्या. कचरा जमिनीला टेकवायचा नाही असा नियम, त्यामुळे सगळी गल्ली हातात पिशव्या धरून च्वांगबाईंच्या नाश्त्याच्या दुकानासमोर उभी असायची. कोणाला पळून जायची सोय नव्हती. असे बांधून ठेवलेले श्रोते देवळातल्या पुजाऱ्यालासुद्धा मिळत नाहीत.

"हे काय शहर आहे?" ती सुरू करायची. "आज वाळत घातलेली चादर आठवड्यानं काढा, ओलीच! स्कूटरवाल्यांना फुटपाथ म्हणजे बापाची इस्टेट वाटते. वरचा शिंकला की खालच्यानं नाक पुसायचं, एवढ्या पातळ भिंती! बघाच तुम्ही, एक दिवस मी चंबूगबाळं उचलून थाइतुंगला जाणार!"

थाइतुंगकडे डोंगराच्या पायथ्याशी तिचं माहेर. तिथून ती पोरवयात इकडे आली ती कपड्यांच्या कारखान्यात. तिथे तिने कित्येक वर्षं जाकिटांच्या फक्त डाव्या बाह्या शिवल्या. उजव्या बाह्या शेजारच्या खोलीत शिवल्या जायच्या आणि अख्खं जाकीट कसं दिसतं ते तिने पहिल्यांदा रस्त्यावर कोणाच्या तरी अंगात बघितलं. त्या दिवशी तिने ठरवलं की आपलं दुकान काढायचं. गल्लीच्या तोंडाशी एका दाराचा गाळा घेतला आणि पँटी आखूड करणं, चेन बदलणं, शाळेचे गणवेश उसवून मोठे करणं असली कामं करू लागली. पूर्ण नाव ल्याओ युए-थाओ, पण ते फक्त दवाखान्यात पुकारतात.

नवराही तिला त्याच दुकानात मिळाला. थिएन-तिंग तेव्हा शहर बसवर नवा ड्रायव्हर लागला होता. बसवाल्यांनी सगळ्यांना एकाच मापाची पँट दिली होती आणि थिएन-तिंगच्या उंचीला ती छातीपासून सुरू होऊन बुटांवर सांडत होती.

"उरलेले पाय कुठे विसरून आलात?" माप घेताना थाओताईने विचारलं.

तो नुसता लाल झाला. पुढच्या महिन्यात मात्र तो आणखी तीन पँटी घेऊन आला आणि त्यातल्या दोन त्याच्या नव्हत्याच.

लग्नानंतरही तो तसाच राहिला, घुम्या. दिवसभर क्लच आणि ब्रेक दाबून गुडघ्यांनी निवृत्तीआधीच राजीनामा दिला. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कचऱ्याचं खातं पहिल्यापासून थाओताईकडेच, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या खिडकीत शेंगदाणे सोलत बसायचा. सगळ्यांना वाटायचं, हवा खातोय.

या वर्षी वसंतात पितरांच्या कबरी साफ करायला म्हणून दोघं थाइतुंगला गेली आणि त्यानंतर थिएन-तिंगच्या तिकडच्या फेऱ्या वाढल्या. मेव्हण्याला भाताच्या कामात मदत करतो म्हणायचा. ज्याला उकडलेला भात सोडून भाताशी ओळख नाही, तो कसली मदत करतोय हे थाओताईलाही कळेना. मग उन्हाळा संपत आला तेव्हा एका दुपारी जेवताना त्याने शेवयांच्या वाटीशेजारी एक चावी ठेवली.

"तुझ्या भावाचं मागचं घर," तो म्हणाला. "कौलं बदलली. मोरी नवी केली. खिडकीखाली तुझं मशीन बसेल एवढी जागा मोकळी ठेवलीये. पायऱ्या एकसुद्धा नाहीत. चंद्राचा सण झाला की जाऊ."

एका दमात एवढं तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता. थाओताईने वाटी खाली ठेवली. नाही म्हणावं तर कोणत्या तोंडाने? सगळ्या गल्लीसमोर तीस वर्षं ती हेच मागत होती. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि उठून रस्सा गरम करायला गेली. रस्सा आधीच इतका गरम होता की त्यातून वाफ निघत होती.

बातमी संध्याकाळच्या आत कोपऱ्यावर पोचली आणि तिथे जी सभा भरली ती पुढे रोजच भरू लागली. शहर बरं की गाव, यावर बोलायला ज्याला त्याला काहीतरी होतंच.

"ताई, सुटलात!" च्वांगबाई म्हणाल्या. त्या पहाटेपासून सोयाबीनचं दूध उकळतात, त्यांना कोणीही कुठेही सुटलेला चालतो. "तिकडे हवा म्हणजे हवा असते. इथे श्वास घेतला की तळणाचा वास."

"तो वास तुमच्याच दुकानाचा आहे, बाई," दुसऱ्या मजल्यावरचे फांग मास्तर म्हणाले. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांची चुका काढायची सवय गेली नव्हती. "आणि हवा खाऊन पोट भरतं का? इथे छातीत कळ आली तर रस्ता ओलांडला की डॉक्टर. तिकडे डॉक्टर येईपर्यंत नातेवाईक येतील."

"इथे डॉक्टर आहे म्हणूनच कळा येतात! गावाकडे माणसाला वेळ कुठे असतो?"

"इथे मला हवं ते शिकता येतं. मी म्हाताऱ्यांच्या वर्गात पियानो शिकतोय, ठाऊक आहे का? सेकंडहँड घेतलाय, उद्या येतोय घरी. गावाकडे पियानो आहे?"

"गावाकडे कान शाबूत आहेत, मास्तर."

सगळे हसत होते. थाओताई हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी होती.  तिला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं आणि आजूबाजूला तर सगळी गल्ली उभी होती.

तिने भावाला फोन केला, उगीच, चौकशी म्हणून. भाऊ खुशीत होता. "अगं, इथे सगळं आहे! घंटागाडीसुद्धा दारात येते. डबा बाहेर ठेवायचा, ते उचलून नेतात. कोणाचं तोंड बघायची कटकट नाही!" फोन ठेवून ती मशीनवर बसली आणि एका पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला.

चौथ्या मजल्याचं घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. शेन नावाचं एक तरुण जोडपं ते बघायला यायचं होतं, रविवारी. घर आवडलं तर त्याच दिवशी होकार देऊन टाकू असं थिएन-तिंगने कबूल केलं होतं. त्या संध्याकाळी थाओताई वर गेलीच नाही. गिऱ्हाइकाचं काम आहे म्हणून दुकानातच बसून राहिली, आणि गिऱ्हाईक रविवारी कोण येणार?

तेवढ्यात धून वाजली.

घंटागाडीची ती पियानोची धून आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळते. ती कानावर पडली की हात आपोआप पिशवीकडे जातो, डोकं नंतर चालतं. च्वांगबाई अर्धवट पुसलेल्या टेबलावरून उठल्या. पहिल्या मजल्यावरचे लोक, समोरच्या इमारतीतले लोक, एक जण तर साबणाच्या डोक्यानेच, धडाधड खाली उतरले. थाओताईनेही चिंध्यांची पिशवी उचलली आणि कोपऱ्यावर पळाली. आणि चौथ्या मजल्यावरून, एका हातात उष्ट्या-खरकट्याची बादली आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणत थिएन-तिंग उतरला. त्याच्या मागे ते शेन जोडपं. भाड्याने घर बघायला आलेल्या पाहुण्यांच्या हातात त्याने घाईघाईत कचऱ्याची एकेक पिशवी दिली होती.

सगळे उभे राहिले. गाडी येईना. धून मात्र वाजत होती. ती मध्येच थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि पुन्हा त्याच जागी अडखळली.

"गाडी बिघडली वाटतं," च्वांगबाई म्हणाल्या.

"पण आज..." साबणवाला म्हणाला. "अहो, आज रविवार ना?"

रविवारी गाडी येत नाही. या शहरात ती कधीच रविवारी आलेली नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांच्या माना एकदम दुसऱ्या मजल्याकडे वळल्या. खिडकीत फांग मास्तर आले, चष्मा कपाळावर.

"ओळखू आली?" त्यांनी आनंदाने विचारलं. "तालबिल काही येत नाही अजून. पण ही एकच पाठ होती, म्हटलं हिच्यापासून सुरुवात करावी!"

गल्ली इतकी हसली की शेजारच्या गल्लीतले लोक बघायला आले, आणि त्यांच्याही हातात पिशव्या होत्या. हसून झाल्यावरही कोणी वर जाईना. उतरलोच आहोत तर थांबू थोडं, असं झालं. पिशव्या खाली टेकवायच्या नाहीत म्हणून स्कूटरींच्या हँडलना अडकवल्या. च्वांगबाईंनी उरलेलं सोयादूध कपात घालून आणलं. मास्तर सपाता घालून खाली आले आणि टाळ्या घेऊन गेले.

तेव्हा शेनच्या बायकोने थाओताईला विचारलं, "मावशी, घर छानच आहे. आणि शेजार तर असा! तुम्ही सोडून का जाताय?"

सगळ्यांनी कप खाली केले. आता भाषण होणार हे गल्लीला ठाऊक होतं. थाओताई मात्र हँडलला अडकवलेल्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

"ती लाजतेय, मी सांगतो," थिएन-तिंग म्हणाला. बादली धरून, गुडघा चोळत, बसमध्ये पुढचा थांबा पुकारावा तशा आवाजात त्याने सुरू केलं. "इथे आज वाळत घातलेली चादर आठवड्यानं काढली तरी ओलीच. स्कूटरवाल्यांना फुटपाथ म्हणजे बापाची इस्टेट. वरचा शिंकला की खालच्यानं नाक पुसायचं..."

शेवटच्या वाक्याला सगळ्या गल्लीने सूर मिळवला, "एक दिवस मी चंबूगबाळं उचलून थाइतुंगला जाणार!"

फक्त थाओताई हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"तू हे ऐकायचास?"

"मग खिडकीत काय शेंगदाण्यांसाठी बसतो?" तो म्हणाला. "तीस वर्षांत तू एकच गोष्ट मागितलीस. माझ्याकडून उशीर झाला, एवढंच."

थाओताईचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला भयंकर राग आला. "अरे मूर्खा, ते मागणं नव्हतं! ते... ते बोलणं होतं रे! माणूस दिवसभर वाकून शिवतं, संध्याकाळी चार माणसांत उभं राहून बोलतं. तिकडे मी हे कोणाला सांगू? भाताला? तिकडे डबा बाहेर ठेवला की झालं, म्हणे! मला नाही जायचं. ऐकलंत सगळ्यांनी? मला या घाणेरड्या शहरातून कुठेही जायचं नाहीये!"

 थिएन-तिंगने बादली हळूच स्कूटरच्या सीटवर ठेवली. ती स्कूटर कोणाची होती ते नंतर बरंच गाजलं.

"मग कौलं?" त्याने विचारलं.

"दादाची कौलं तशीही गळत होती. तुला जायचंय का पण? खरं सांग."

"मला?" त्याने डोकं खाजवलं. "मी जन्मलो योंगहेत. तिकडे सगळीकडे बेडूक ओरडतात. मला झोप येत नाही."

"अहो, मग बोलायचं ना!" च्वांगबाई ओरडल्या.

"तिला जायचं होतं ना," तो म्हणाला.

पण गुडघे खोटे नव्हते. आत्ता चार मजले उतरलेला माणूस वर कसा जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं आणि थाओताईला सगळ्यात जास्त. तिने वर चौथ्या मजल्याकडे बघितलं, मग आपल्या दुकानाकडे. दुकानामागे एक खोली आहे, मोरीसकट. लोकांनी शिवायला टाकून परत न नेलेल्या पँटींनी ती छतापर्यंत भरलेली.

"त्या पँटी," ती हळूच म्हणाली, "देऊन टाकल्या तर?"

चंद्राच्या सणाच्या दिवशी गल्लीत शेगड्या लागल्या, मांस भाजायचा धूर वर चढत होता आणि त्या धुरातून थाओताईचा संसार जिन्यावरून हातोहात खाली येत होता. शेन जोडपं वर जात होतं, ही दोघं खाली येत होती आणि दोन्ही सामानं जिन्यात एकमेकांत मिसळून शेवटी एक टोपलं शेनकडे गेलंच. ते अजून परत आलेलं नाही. थाइतुंगचं घर भावाने आपल्या मुलीला दिलं. तिला तिथे फार आवडतं.

त्यानंतरच्या संध्याकाळी खरी धून वाजली. थाओताई कोपऱ्यावर आली, आणि तिच्या शेजारी, हातात पिशवी घेऊन, थिएन-तिंग.

"खालच्या मजल्यावर माणसानं राहावं का?" तिने सुरू केलं. "ओल! डास! स्कूटरचा धूर सरळ पांघरुणात! बघाच तुम्ही, एक दिवस मी चंबूगबाळं उचलून..."

ती थांबली. थिएन-तिंग तिच्याकडे कान देऊन बघत होता.

"सुट्टीवर," ती घाईघाईने म्हणाली. "चार दिवस. नुसतं बोलतेय मी, कळलं का?"

"कळलं," तो म्हणाला. "बोल तू, ऐकतोय."