डोन्या सिन्फोरियानाची बाटली

डोन्या सिन्फोरियानाने तान्हं मूल मांडीवर घेतलं की दुसऱ्या दिवशी त्या घरी शिपाई येतात, अशी कुजबुज आमच्या न्यांदुरीत होती. न्यांदुरी म्हणजे पराग्वेच्या नकाशावर नेमकी माशी बसते ते गाव. कुणी म्हणे, तिच्या पिशवीतल्या बाटलीत पाणी नसतंच. कुणी म्हणे, पाळण्याशी वाकते ती घरातलं बोलणं ऐकायला.

मानाने ती ‘डोन्या’ आणि नवरा ‘डॉन’; हा डॉन एउलोहिओ पक्षाच्या गावशाखेचा अध्यक्ष. जनरलच्या राजवटीत त्याने नुसती मान डोलावली की माणूस गाडीत चढवला जाई. सभेत तो गरजे. बायको मागच्या खुर्चीत पंख्याने वारा घेई आणि फीत कापायच्या वेळी कात्री पुढे करी. चारचौघांत तिचं काम एवढंच. दुसरं होतं बाप्तिस्म्याचं. पाद्री क्वचित फिरके, म्हणून घरच्या घरी बाळाच्या टाळूवर पाणी घालायची आमची रीत. घालणारी ती बाळाची धर्मआई. आईबापांची ती कोमाद्रे, तिचा नवरा कोम्पाद्रे. हे नातं रक्ताहून चिवट. कोम्पाद्रेला दगा देणाऱ्याच्या शवपेटीलाही कुणी खांदा देत नाही.

त्या सकाळी ती नवऱ्याला तेरेरेचा, पाला भिजवलेल्या पाण्याचा, थंडगार पेला भरून देत होती.

"क्रेसेन्सिओ सुताराचं फार झालंय," तो म्हणाला. "शेतकऱ्यांना चिथावतो. उद्या येताहेत त्याला न्यायला."

"अहो, त्याच्या पोरीला आज मी पाणी घालणार आहे."

"पुन्हा? तुझ्या हौसेपायी अर्धं गाव माझं कोम्पाद्रे झालं! मला एखादा तरी शत्रू ठेवशील की नाही?"

"मग नको घालू?"

तो नळीतून तेरेरे ओढत राहिला. "घालायचं तर आजच घाल."

सुताराची बायको देइदामिया पोरीला छातीशी धरून दारातच आडवी उभी राहिली.

"झोपलीय, डोन्या."

"झोपेतच घालते. थेंबभर."

"धर्मआई ठरलीय. माझी बहीण."

"दोन झाल्या तर बिघडलं कुठे? देइदामिया, ऐक. का ते विचारू नकोस."

"विचारतंय कोण! तुमचं पाणी तुम्हालाच लखलाभ. तुमच्या मागोमाग कोण येतं ते कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे."

हिला खरं कारण सांगावं, तर ते विहिरीवरच्या बायकांत पोचणार, तिथून नवऱ्याच्या वरिष्ठांपर्यंत. मग पुढच्या घरी पाणी घालून उपयोग काय? डोन्याने बाटली कुंपणामागे रिकामी केली आणि घरी येऊन सांगितलं, "घातलं."

दुसऱ्या दिवशी डॉन एउलोहिओ शिपायांबरोबर सुताराच्या फाटकाशी गेला. "याला सोडा. कोम्पाद्रे आहे माझा."

हवालदार वळलाच होता. जाता जाता देइदामियाला म्हणाला, "काय गं, डोन्या तुझी कोमाद्रे झाली म्हणे?"

तिला वाटलं, हाच तो सापळा. "थू! ती बाई माझ्या पोरीला शिवलीसुद्धा नाही."

डॉन एउलोहिओने टोपी सारखी केली आणि तो बाजूला झाला.

क्रेसेन्सिओ परत आला नाही. बाटली नवऱ्याने अंगणात फोडली, आणि पुढे डोन्याच्या मांडीवर कुणी मूल दिलं नाही. देइदामिया तिला पाहिलं की अजून रस्ता बदलते.

शिपाई येत, हे खरं. त्यांचं येणं आधीच ठरलेलं असे. जिथे तिने पाणी घातलं, त्या घरांतून त्यांनी कुणालाही नेलं नाही.