समोरच्या गॅलरीतलं दात घासणं

सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभं राहिलं की समोरच्या गॅलरीत एक बाबा आणि त्याची तीनेक वर्षांची लेक दात घासताना दिसतात. तो एक हात कमरेवर ठेवून येरझाऱ्या घालतो. तीही मागोमाग, हात कमरेवर, हनुवटीपर्यंत फेस. शेवटी बेसिनपाशी तो घसा खरवडून मोठ्यानं खाकरतो. तिच्या इवल्याशा घशात खाकरण्यासारखं काहीच नसतं, तरी ती जीव खाऊन खाकरते आणि समाधानानं त्याच्याकडे बघते.

मला कुतूहल वाटतं, यात दात घासणं किती आणि बाबा किती, हे तिला कसं कळावं? मीही चूळ भरल्यावर ब्रश बेसिनच्या कडेवर आपटतो. मला ते कुणी शिकवलं नाही. माझे वडील आपटायचे, एवढंच.

आज बाबाला घाई होती. तो नुसती चूळ भरून आत वळला. आतून आईनं लेकीला विचारलं, "झाले का गं दात घासून?"

"कसे होतील?" ती जागची न हलता ओरडली. "बाबा अजून खाकरलाच नाही!"

बाबानं ओशाळून माझ्या खिडकीकडे पाहिलं. मग परत आला, कमरेवर हात ठेवला आणि खाकरला.